ऐंशी हर्डलं, पडलं एकही नाही

…नाही, पण मला सांगा, पडू नये म्हणून केलेली वस्तू पडली नाही, तर त्यात करणाऱ्याचा गुन्हा काय? सांगा ना! खिडकीची जाळी निखळली तर तुम्ही मला शोधत कसबा पेठेत येता, येताना चार माणसं घेऊन येता. शाळेचं बाक डुगडुगलं की हेडमास्तरांची चिठ्ठी येते. आणि माझ्या ऐंशीच्या ऐंशी वस्तू जागच्या हलल्या नाहीत, तर सात देशांची माणसं माझ्या नावानं बोटं मोडतात! माझ्या वडलांनी दुकानावर पाटी लावलेली आहे, कधीही या बघायला, दुकानाचं नाव बारीक आणि खाली ढब्बू अक्षरात, 'आपला माल पडत नाही.' झालं. एवढंच. या एका वाक्यानं माझा हा हात गळ्यात आलाय, ऐका.

त्र्याण्णव साल. नवं धोरण आलं होतं, जो उठतो तो म्हणतो, आता सगळं बाहेरून येणार! पुण्यात पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय धावण्याबिवण्याच्या स्पर्धा होत्या, त्यात पुरुषांची एकशे दहा मीटर अडथळ्यांची शर्यत. अडथळे म्हणजे ती हर्डलं हो, ज्यांच्यावरून उड्या मारत पळतात ती! तीही बाहेरून मागवली, जर्मनीहून. आली मुंबईच्या बंदरापर्यंत आणि बसली कस्टममध्ये. धोरण खुलं, गोदाम बंद! स्पर्धा आठ दिवसांवर.

मग आले आमच्याकडं रंगनाथसर. समितीचे सचिव. रिटायर्ड पीटीचे मास्तर, त्यामुळं सगळं जग त्यांना सावधानमध्ये उभं लागतं. मी म्हटलं, "या सर, बसा, चहा सांगतो."

"चहा प्यायला आलेलो नाही. हा फोटो. मापं मागं लिहिलीत. दहा अडथळे, आठ पट्टे, ऐंशी नग. फोटोसारखं करायचं. डोकं चालवायचं नाही."

आणि गेले. आता कारागिराला डोकं चालवू नको म्हणणं म्हणजे… जाऊ द्या. मी फोटो घेतला आणि बघतो तर काय, हर्डलाला पाय एकाच बाजूला! वर आडवी फळी, खाली दोन उभे दांडे आणि पाय नुसते पळणाऱ्याच्या बाजूला. पलीकडं काही नाही! अहो, हे उभं कसं राहणार? पलीकडून टेकू नको? मी म्हटलं, फोटोत पलीकडची बाजू आलेली नाही. दिसलं नाही म्हणजे नसतं का? फरहत, आमची बायको, जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती म्हणते, "एक बार पूछ तो लो जी! फोन करने को क्या जाता?"

मी म्हटलं, पंचवीस वर्षं लोखंड वाकवतोय, मी काय विचारायचं?

नाही विचारलं. आठ दिवस, तुम्हाला सांगतो, जेवण दुकानात, आंघोळ आठवली तर. दोन्ही बाजूंना पाय ठोकले, प्रत्येक पायाखाली जाड प्लेट वेल्ड केली, आणि शेवटी स्वतः तपासलं. आमच्या आळीत सगळ्यात भरदार माणूस म्हणजे मी! लांबून पळत आलो आणि दिली धडक. खांदा तीन दिवस दुखला. हर्डल? ढिम्म! आपला माल पडत नाही.

आता या सगळ्यात खरा जीव अडकलेला होता तो धम्मदीपचा. खडकीचा पोरगा, याच शर्यतीत आपल्याकडून पळणार होता. त्याचे वडील दशरथ तिथं डिफेन्सच्या नोकरीत, माझे जुने दोस्त, वर्षअखेर रिटायर होणार आणि क्वार्टर सोडावं लागणार. धम्मदीप एका सरकारी कचेरीत चार वर्षं टेंपररी क्लार्क. साहेबांनी सांगितलेलं, आंतरराष्ट्रीय पदक आण, खेळाडूंच्या कोट्यातून कायम करतो. पदक म्हणजे नोकरी, नोकरी म्हणजे आईवडलांच्या डोक्यावर छप्पर. आणि बिचाऱ्याला सरावाला धड हर्डलं कुठं होती? क्वार्टरच्या दगडी कठड्यावरून उड्या मारायचा! कठड्याला पाय लागला की कठडा पडत नाही, आपण पडतो. म्हणून पोरगं नेहमी वीतभर वरूनच जायचं. हे लक्षात ठेवा.

स्पर्धेचा दिवस. एक गोरा पंच होता, उंच, टोपीवाला, हातात ताणकाटा, ओढ मोजायचा स्प्रिंगचा काटा हो. तो तासभर आधी एकेक हर्डल ओढून तपासणार होता. पण उद्घाटन! आपल्याकडं उद्घाटन म्हटल्यावर… पाहुणे उशिरा, मग स्वागतगीत, मग शाल, मग श्रीफळ, मग परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा परिचय! गोरा घड्याळ दाखवतोय, रंगनाथसर त्याला हातानंच 'बसा' म्हणतायत. शेवटी पाहुण्यांनी पहिल्याच हर्डलाच्या लोखंडी पायावर नारळ फोडला. नारळाची दोन शकलं, हर्डल जागेवर! मी दशरथला कोपर मारलं, "बघितलंस? आपला माल पडत नाही." तपासणी राहिली ती राहिलीच.

बार उडाला. आठ जण सुटले. आता तुम्हाला सांगतो, ते बाहेरचे खेळाडू हर्डलावरून उडी मारतच नाहीत हो! चाटून जातात. पाय लागला तर लागला, हर्डल पुढं पडतं, माणूस पळत राहतो, तशी रीतच आहे त्यांची. मला काय माहीत? पहिल्याच हर्डलाला दोघं… धाड! दुसऱ्याला मलेशियाचा, धाड! तिसऱ्याला एक लंकेचा असा लटकला की वाळत घातलेली गोधडी! उठतायत, गुडघा चोळतायत, पुढच्यावर चढून उतरतायत, एक जण तर खालून गेला! आणि या सगळ्यातून आमचा धम्मदीप… वीतभर वरून, टप टप टप, कठडा ओलांडल्यासारखा, थेट पहिला!

मैदान नुसतं पेटलं! दशरथनं मला उचलला. मला! पदक गळ्यात पडलं, झेंडा वर गेला, आणि मी गर्दीत ज्याला त्याला सांगतोय, हर्डलं माझी बरं का, माझी!

कशाला सांगितलं? गोऱ्याला बरोबर सापडलो. त्यानं काटा लावला आणि ओढलं. काटा संपला, हर्डल हललं नाही. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग टोपी काढून ठेवली आणि ओढलं! रंगनाथसर माझ्याकडं वळले.

"कासिमभाई, पलीकडचे पाय कोणी सांगितले?"

"सर, त्याशिवाय ते पडलं असतं."

"पडायलाच पाहिजे! माणसाचा पाय लागला तर हर्डलानं पडायचं, माणसानं नाही. फोटोत जे नव्हतं ते नव्हतंच. डोकं चालवू नका म्हटलं होतं ना?"

शर्यत रद्द. उद्या सकाळी पुन्हा. आणि नशीब बघा, त्याच संध्याकाळी ती जर्मन हर्डलं कस्टममधून सुटली! मी गोऱ्यासमोर हात जोडले. म्हटलं, साहेब, पडली नाहीत ही माझी चूक, पण वरून गेला हा त्याचा पराक्रम! माझी शिक्षा त्याला का? रंगनाथसरांनी इंग्रजीत करून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. आडवी.

सकाळी जर्मन हर्डलं फटाफट पडत होती आणि सगळे नीट पळत होते. आमचा पोरगा वीतभर वरूनच गेला. जितका वर, तितका मागं. सहावा. पदक त्यानं आदल्या दिवशीच परत दिलं होतं, व्यवस्थित घडी घालून, फीत वगैरे. मी त्याला तोंड दाखवत नव्हतो, तर तोच आला. म्हणाला, "चाचा, पाऊण तास तरी होतं ना गळ्यात."

रडलो मी, तुम्हाला खरं सांगतो. मैदानाच्या मागं जाऊन लहान पोरासारखा रडलो.

ती नोकरी गेली. क्वार्टर सोडून दशरथचं बिऱ्हाड भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. धम्मदीपनं स्वारगेटला कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि पुढं हिंजवडीत एका आयटी कंपनीत चिकटला. आज तिथं अ‍ॅडमिन मॅनेजर आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, आईवडील त्याच्याकडंच. आणि माझी ऐंशी हर्डलं इतकी वर्षं माझ्या माळ्यावर! भंगारवाल्यानं तोडायला घेतली, त्याचं करवतीचं पातं तुटलं. मग गेल्या महिन्यात धम्मदीपचाच फोन. "चाचा, ती हर्डलं आहेत का हो? आमच्या पार्किंगला बॅरिकेड पाहिजेत. हल्लीचे दोन दिवसांत आडवे होतात."

पाठवली. सगळी. म्हटलं, चला, कुठं तरी कामाला आली. आणि परवा मी म्हटलं, जाऊन बघू तरी कशी दिसतात. स्कूटर काढली. गेटातून वळलो, समोर ओळीनं माझी हर्डलं, काळी-पांढरी, ताठ… इतकं बरं वाटलं हो, बघतच राहिलो! बघतच राहिलो आणि ब्रेक राहिला.

धाड!

वॉचमन ओरडत आला, मागून धम्मदीप पळत. गळ्यात त्या कंपनीच्या ओळखपत्राची निळी फीत. मनात म्हटलं, ही पाऊण तासाची नाही, आठ वर्षं आहे गळ्यात. "चाचा! लागलं का? हात हलवून बघा."

मी म्हटलं, "माझं सोड. हर्डल बघ."

त्यानं हर्डल धरून हलवलं. मग दोन्ही हातांनी हलवलं. मग माझ्याकडं बघितलं.

"उभं आहे, चाचा."

आता दवाखान्यात डॉक्टर विचारतात, काय झालं, कसे पडलात? काय सांगणार? म्हटलं, लिहा साहेब… आपला माल पडत नाही.