पहिल्या रांगेतली बाई

बसथांब्यावर माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एक बालविवाहाविरुद्ध वस्तीत नाटक बसवणाऱ्या ताई, दुसऱ्या त्या नाटकाचा उपयोग किती झाला ते तपासायला आलेल्या मॅडम.

“ताई, ‘मी लग्न करणार नाही’ म्हणणारी ती गेल्या वेळची मुलगी आज दिसली नाही.”

“तिचं लग्न झालं.”

“अहो, सोळाची होती ना ती?”

“हो. एका बाईने तिला नाटकातच पाहिलं. म्हणाली, पोर धीट आहे, चार माणसांत उठून दिसते. घरच्यांनी लगेच उरकून टाकलं.”

“तुम्ही अडवलं नाहीत?”

“गेले होते की! तिची आई म्हणाली, एवढं चांगलं स्थळ तुमच्यामुळेच चालून आलं. वर मलाच चहा पाजला.”

“मग आज तिचं काम कोणी केलं?”

“धाकट्या बहिणीने. ऐकून ऐकून तिला सगळं तोंडपाठ होतं.”

“छान केलं हो. पहिल्या रांगेत एक बाई होत्या, पापणी न लवता तिच्याकडे बघत होत्या. म्हटलं, निदान एकीला तरी पटतंय.”

“त्या थोरलीच्या सासूबाई, मॅडम. त्यांना अजून एक मुलगा आहे.”