होडीतली सहावी

दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या नदीच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात नखाएवढा चौकोन पुसून पाहिलेला होता. तेवढंच आकाश निळं, बाकी सगळं तपकिरी. चित्रदुरुस्तीच्या दुकानात आपल्या पाळीची वाट पाहत बसलेली शिक्षिका तो चौकोन न्याहाळत होती. चित्र घेऊन आलेल्या बहीणभावाचं बोलणं आपोआप कानावर पडत होतं.

“दादा, बस ना. किती येरझाऱ्या घालशील?”

“बसून उत्तर सापडणार आहे का?”

“उत्तर काय त्यात? होडीत मुळात पाचच प्रवासी होते. सहावी बाबांनी घुसवली, तीही वरच्या तपकिरी पडलेल्या व्हार्निशवर. चित्र साफ करायचं तर ते व्हार्निश निघणार, म्हणजे ती जाणारच.”

“ती म्हणजे आई.”

“आई कसली? नुसती पाठ आणि अंबाडा.”

“बाबा म्हणजे पाट्या रंगवणारा माणूस गं. अक्षरं सुरेख, नाक कधी जमलं नाही.”

“म्हणून घर सोडून गेलेल्या बायकोला होडीत बसवायचं?”

“तू पाळण्यात होतीस. मला म्हणाले, आई पलीकडे पोचली की पत्र टाकेल. मी रोज शाळेत जाताना बघायचो, होडी काठाला लागली का.”

“कधीपर्यंत?”

“शाळा सुटली, सवय नाही सुटली. आज सकाळीसुद्धा बघितलं.”

“मग राहू दे, दादा. घरी नेऊ.”

दुरुस्ती करणाऱ्या बाई एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. “तिसरी खेप तुमची. साफ करायचं की तसंच ठेवायचं?”

भाऊ म्हणाला, “उतरवा तिला, ताई. चाळीस वर्षं झाली बसलीय.”