उंटाला शाबासकी

"उत्तर मोठ्यानं सांगा, मी ऐकतेय." फोनवरच्या धड्यांत पन्नाबेननी हे वाक्य स्वतःच्या आवाजात भरलं होतं. कच्छच्या रणातल्या मिठागरांवरची मुलं तेच धडे ऐकत. आज खाराघोड्याच्या दवाखान्यात, रांगेत त्यांच्या पुढच्या दोघी बोलत होत्या.

"जशीबेन, तुझी लेक भावली धड्याला बसत नाही म्हणे?"

"रुसलीय बाईंवर."

"फोनमधल्या बाईंवर कसलं रुसायचं?"

"बाई विचारतात, जरा थांबतात, मग शाबास म्हणतात. ही रोज ओरडून उत्तर द्यायची. परवा म्हणाली, बघू तरी. सात चोक विचारलं, तर हिनं सांगितलं, उंट."

"मग?"

"शाबासकी मिळाली."

"उंटाला?"

"मीही हसले गं. ती नाही हसली. म्हणते, आई, मग माझी आजवरची उत्तरं गेली कुठं?"

"काय सांगितलंस?"

"मलाच कुठं ठाऊक?"

"बेन, तुमच्या मिठागरावर जायचं कसं?" पन्नाबेननी मागून विचारलं.

जशीबेन चमकून वळली. आवाज ओळखीचा होता.

"बाहेर पाण्याचा टँकर उभा आहे, तो तिकडंच निघालाय. पण तुमचा नंबर जवळ आलाय ना आता?"

"राहू दे नंबर."

पन्नाबेननी पदर खोचला आणि त्या टँकरकडे चालू लागल्या.