समुद्राला तहान लागते

...अन् वर मलाच विचारतात, "वैजनाथराव, घरात समुद्र आणायला तुम्हाला सांगितलं कुणी?" अहो, बायकोनं! दुसरं कोण सांगणार? तुम्हाला सांगतो, आमची दमयंती गुहागरची. एकोणीस वर्षं झाली लग्नाला, पण गारखेड्याच्या या दोन खोल्यांत बाईनं कधी सोनं मागितलं नाय, साडी मागितली नाय. खिडकीतून आधी रान दिसायचं, तिथं सात मजली बिल्डिंग उभी राहिली, तरी चकार शब्द नाय! अन् यंदा माहेराहून निघताना एकदम म्हणली, "अहो, थोडा समुद्र नेऊ या का घरी?" एकोणीस वर्षांत एकदा मागितलं... नाय कसं म्हणणार?

मेहुणा श्रीरंग होडीतून आत जाऊन पाच निळे कॅन भरून घेऊन आला. खडकातल्या डबक्यातून बोटाएवढा एक मासाही धरून दिला, पिवळ्या पट्ट्यांचा. "भावोजी, हे खरं समुद्राचं पाणी हां, मीठ कालवलेलं नव्हे! फडक्यातून गाळा, अंधारात ठेवा, मासा तुमच्या नातवंडांना खेळवील." गुलमंडीच्या बाजारातून काचेची टाकी आणली, पंप लावला, बुडबुडे सुरू झाले. दमयंती टाकीपुढं बसली अन् हळूच डोळे पुसले. मलाही लई बरं वाटलं. त्या भरात मी मार्कर घेऊन काचेवर पाण्याची रेघ मारली. इथंच चुकलं बघा. रेघ मारायलाच नको होती.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर... पाणी रेघेखाली गेलेलं!

ऊन हो आपलं, दुसरं काय! मी कॅनमधलं ओतलं. समुद्र कमी पडला तर समुद्रच टाकणार ना माणूस? गोडं पाणी टाकायला डोकं फिरलंय का? नळ येतो दहाव्या दिवशी! तर रोज पाणी रेघेखाली जायचं अन् रोज मी कॅन ओतायचो. आठ दिवसांत काचेला पांढरं मीठ चढलं अन् मासा एका कोपऱ्यात तिरका होऊन तोंड उघडतोय, मिटतोय, उघडतोय... श्रीरंगला फोन लावला. "भावोजी, काय केलंत! ऊन पाणी नेतं, मीठ मागं ठेवतं! माशाचं लोणचं घातलंत तुम्ही! गोडं पाणी घाला, रोज!"

म्हणजे समजलं का? समुद्राला तहान लागते! अन् ती भागवायची कुणी? गारखेड्यानं!

एप्रिलमधी एक तांब्या, मे लागला तसे दोन. आमची आंघोळ दिवसाआड, अर्ध्या बादलीत. मासा सरळ झाला, पण पाणी रेघेखाली जायचं काही थांबंना.  अन् एका सकाळी माळ्यावरची बॅग खाली आली. दिवाणावर. रिकामी! "बॅग कशाला गं?" "काही नाही, धूळ झटकली." तुम्हाला सांगतो, भरलेल्या बॅगेची भीती वाटत नाय हो इतकी.

त्यात नळाचा दहावा दिवस कोरडा गेला, अकरावाही. बारावाही. टँकरचा पत्ता नाय. अन् मी जिन्यात दिसलो की माणसं बोलायची थांबू लागली. गॅलरीतल्या निळ्या कॅनकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची.  अहो, चार शिव्या तरी द्या!

तेराव्या दिवशी दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या मुक्ताबाई, काखेत हंडा. मागं जिनाभर आमची बिल्डिंग, अन् सगळ्यात पुढं सोसायटीचे चेअरमन काकासाहेब.

"भाऊ, एक हंडा द्या. दोन नातवंडं हायत घरात."

"मावशी, ते खारं हाय हो!"

"व्हय व्हय. मागाय आलं की समद्यांचं खारंच असतंय!"

मी कॅन उघडला. म्हातारीनं ओंजळ भरली, तोंडाला लावली अन् थू थू करत भिंतीला टेकली.  मग काकासाहेब हळूच म्हणतात, "अशा दुष्काळात खारं पाणी जपून ठेवलंय... ह्या माणसाचं काय खरं नाय." अन् एकेक पायरी मागं सरकले सगळे.

दमयंतीच्या हातात तांब्या होता. माशासाठी भरलेला. तिनं टाकीकडं पाहिलं, मुक्ताबाईंकडं पाहिलं अन् तांब्या हंड्यात ओतला. मग आत गेली, माठ आणला, तोही ओतला. 

बिल्डिंग खाली उतरली तशी हिनं डब्यात समुद्र घेतला, त्यात मासा सोडला, डबा बॅगेत उभा ठेवला. "याला गुहागरला सोडून येते. जगायचा नाही तो इथं." मी विचारलं, "अन् तू? परत कधी?"

"नळाला पाणी आलं की कळवा. लगेच निघते."

काल सकाळी नळ वाजला हो! धावत फोन लावला, "आलं, आलं, निघ!" ती म्हणली, "फोन नळाला लावा बघू." लावला. इकडून नुसतं सूं... सूं... अन् तिकडून समुद्राची गाज. बराच वेळ ऐकलं तिनं. मग म्हणली, "अहो, हवा आहे ती."

तर आज हा नळाचा विसावा कोरडा दिवस. मासा नाय, बायको नाय, अन् मी रोज सकाळी, टँकरवरून मिळतं त्या माझ्या प्यायच्या पाण्यातला एक तांब्या त्या टाकीत ओततोय. हसू नका! उद्या नळ आला, ती आली, अन् पाणी रेघेखाली दिसलं... तर काय सांगू?