बंद ठेवलेला प्लेअर

हेडफोनची तुटकी वायर घेऊन ती दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे दोघं बोलत होते, एकाच्या हातात गाण्यांचा छोटा प्लेअर होता; आणि कान काही मिटून घेता येत नाहीत.

"दाजी, आमच्या घरात सगळेच कानसेन. म्हटलं, एकदा डोळे बांधून परीक्षाच घेऊ. गाणं एकच, प्लेअर तीन. त्यातला हा मधला मुद्दाम बंद ठेवला."

"का रे?"

"थापा मारणारा पकडायला."

"मग कोण सापडलं?"

"सगळेच. प्रत्येकाने पहिला नंबर ह्यालाच दिला."

"घ्या! म्हणजे सगळं घरच थापाडं."

"मीही हसलो. मग एकेकाला बाहेर नेऊन विचारलं, ह्यात विशेष काय? सगळे तेच म्हणाले. दोन ओळींच्या मध्ये गाणारी बाई श्वास घेते, तो अगदी मानेवर येतो."

"बॅटरी राहिली असेल आत."

"बॅटरी माझ्या खिशात होती."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं ना. आता कानाला न लावताही ऐकू येतो."

तिचा हात आपसूक मानेवर गेला.

"अरे, पण बंद प्लेअर दुरुस्तीला कशाला आणलास?"

"दुरुस्तीला नाही, दाजी. बंद करून घ्यायला."