महावीरचा तिसरा फॉर्म

एकाहत्तर सालची गोष्ट. जळगावच्या पोस्टात रजिस्ट्रीच्या खिडकीपुढे रांग होती. लेकीला पाठवायचं पार्सल कवटाळून उभ्या असलेल्या गोदूअक्कांना पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं नको म्हटलं तरी ऐकू येत होतं.

“तिसऱ्यांदा मॅनेजमेंटच्या परीक्षेचा फॉर्म पाठवतोय, जतन. अहमदाबादच्या कॉलेजातले लोक आता मला नावाने ओळखत असतील. म्हणतील, आले महावीरशेठ!”

“ओळखतात तर बरंच आहे.”

“पहिल्या वर्षी वेळ संपली आणि निम्मे प्रश्न राहिले. दुसऱ्या वर्षी सगळे सोडवले, तर निम्मे चुकले. याला प्रगती म्हणायचं!”

“यंदा घड्याळ लावून अभ्यास केलात ना?”

“घड्याळ मी लावलं. उत्तरं तू दिलीस, पोळ्या लाटता लाटता.”

“सोपी होती हो.”

“तेच तर! बी. ए.ला पहिली आलीस तू, आणि मॅनेजर व्हायला निघालोय मी. खरं तर फॉर्म तूच भरायला हवा होता.”

जतनने पिशवीतून दुसरं पाकीट काढलं.

“हे काय?”

“माझा फॉर्म. आठवडा झाला भरून. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं.”

गोदूअक्का पार्सल सावरायचंही विसरल्या. महावीर पाकिटावरचं जतनचं नाव वाचत राहिला.

“चला, पुढे कोण?” खिडकीतून कारकून ओरडला.

“आधी हिचं घ्या, साहेब,” महावीर म्हणाला, “आणि आजच्याच टपालात टाका. माझं गहाळ झालं तरी देशाचं काही अडणार नाही.”