घरी सापडलेले लोक

(उज्जैन, १९९४. देवास गेटजवळचं एक सर्वेक्षण कार्यालय. खो-खो शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका अहल्याबाई आणि त्यांचा जुना विद्यार्थी शैलेंद्र.)

अहल्याबाई : मग माझ्या मैदानावर बिलियर्डचा क्लब कुणी मागितला, तेवढं सांग.

शैलेंद्र : बाई, मैदान सरकारी आहे. आणि मागणी शहराची आहे. घरोघरी जाऊन विचारलंय. वय, लिंग, उत्पन्न, सगळे रकाने आहेत.

अहल्याबाई : मुलींच्या रकान्यात काय आहे? रोज एकतीस जणी खेळतात तिथे.

शैलेंद्र : मैदानी खेळ, मुली... शून्य.

अहल्याबाई : विचारायला गेलास कधी?

शैलेंद्र : संध्याकाळी पाच ते सात. साहेब म्हणाले, शाम को सब घर पे मिलते हैं.

अहल्याबाई : पाच ते सात त्या मैदानावर असतात, गाढवा.

शैलेंद्र : घरी नसेल त्याच्यापुढे फुली मारायची, असा नियम होता.

अहल्याबाई : म्हणजे खेळणाऱ्यांवर फुली, आणि घरात बसलेल्यांना विचारलंस की खेळायला काय हवं. बिलियर्ड काय पेन्शनरांनी मागितलं?

शैलेंद्र : त्यांनी वाचनालय मागितलं. साहेबांनी ते 'इनडोअर'मध्ये घेतलं.

अहल्याबाई : आणि बायकांनी?

शैलेंद्र : त्या म्हणाल्या, यांना विचारा. मग यांना विचारलं.

अहल्याबाई : यांनी काय सांगितलं, बायकोला फुरसतीत काय हवं?

शैलेंद्र : देवदर्शन. चौऱ्याऐंशी टक्के.

अहल्याबाई : उज्जैनमध्ये देवांची टंचाई पडली का रे?

शैलेंद्र : माझ्यावर कशाला चिडता? जमाना बदलतोय, बाई. बाहेरच्या कंपन्या येणार, त्यांच्या लोकांना क्लब लागतो.

अहल्याबाई : ते अजून आलेसुद्धा नाहीत, आणि त्यांचा रकाना भरलास.

शैलेंद्र : अपेक्षित लोकसंख्या म्हणतात त्याला.

अहल्याबाई : तुझ्या घरचा फॉर्म कुणी भरला?

शैलेंद्र : मीच. इथेच बसून.

अहल्याबाई : तेजस्विनीपुढे काय लिहिलंस?

शैलेंद्र : टीव्ही. तसा पोरीला वेळ कुठे आहे. पाचला ट्यूशनला जाते.

अहल्याबाई : ती माझ्या टीमची कप्तान आहे.

शैलेंद्र : ...कधीपासून?

अहल्याबाई : दोन वर्षं झाली. अहवाल कधी जातोय?

शैलेंद्र : उद्या सकाळी.

अहल्याबाई : कोरे फॉर्म आहेत?

शैलेंद्र : आहेत. पण पत्ता घराचाच लागतो.

अहल्याबाई : मैदानाचा लिही. एकतीस काढ आणि चल माझ्याबरोबर. अजून उजेड आहे.

शैलेंद्र : साहेब ओरडतील... बरं, चला. तेजूचा इथेच भरून टाकतो, बाई. आता माहितीये मला.

अहल्याबाई : नको. तिला विचार.